पुरात रस्त्यावरही आणि पाण्यातही चालेल अशी गाडी गावासाठी करून घ्यावी का?

उसाचा_मळा

नमस्कार मंडळी. प्रश्न खुळ्यासारखा वाटेल, पण आधी पुरता वाचा, मग हसा.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. 2005 चा पूर बघितला तेव्हा शाळेत होतो. 2019 चा घरच्या स्लॅबवर बसून काढला. 2021 ला शहाणपण आलं होतं, आधीच म्हशी घेऊन पाहुण्यांकडं गेलो. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी 45 आहे, म्हणजे तुम्हीच अंदाज बांधा.

त्या वेळी चौथ्या दिवशी बोट आली. आमच्या गल्लीपासून कोरड्या डांबरीपर्यंत अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, पण पाणी सगळीकडं सारखं नव्हतं. गल्लीत छातीएवढं. देवळापुढं रस्ता उंच, तिथं घोटाभर, आणि तिथं बोट खरडली. सगळे उतरले. आठ जणांनी बोट उचलली, पन्नास पावलं नेली, पुन्हा पाण्यात सोडली. मग ओढ्याच्या पुलापाशी दोन पुरुष पाणी आणि जबर ओढ. पुढं सोसायटीच्या गोडाऊनजवळ पुन्हा चढ, पुन्हा उतरा. असं तीनदा झालं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला दर खेपेला खुर्चीसकट उचलली. ती एवढंच म्हणाली, "पुन्हा न्यायला आलात तर मी येणार नाही."

तेव्हापासून डोक्यात बसलंय. ट्रॅक्टर घोटाभर पाण्यात येतो, ओढ्यात येत नाही. बोट ओढ्यात येते, रस्त्यावर येत नाही. दोन्हीकडं चालणारं एकच काहीतरी पाहिजे.

हल्ली मोबाईलवर फौजेचं ते मोठाल्या टायरांचं वाहन दिसतं, एटोर म्हणतात. पाण्यातनं येतं आणि तसंच काठ चढून जातं. ते काय आपल्या ऐपतीतलं नाही. पण ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो, जुना ट्रॅक्टर आणा, दोन्ही अंगाला 200 लिटरचे बॅरल बांधतो, मागं पीटीओवर (ट्रॅक्टरच्या इंजिनवर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर) पंखा बसवतो, साडेचार लाखांत करून देतो. तरुण मंडळाकडं शिल्लक आणि वर्गणी धरून दोनेक लाख जमतील, बाकीचं बघू.

करावं का? कुणी असली गाडी खरोखर चालवलीय का?

---

खवचट_खापरपणजोबा

2019 च्या सप्टेंबरात पुण्यात आंबील ओढ्याच्या पाण्यात माझी कार मला न विचारता उभयचर झाली होती. ती पाण्यात चालली असं म्हणवत नाही, नुसती गेली. तिसऱ्या सोसायटीच्या भिंतीवर सापडली.

---

कार्बोरेटर

खापरपणजोबांची गाडी गेली त्यात नवल नाही. छोट्या गाडीचा तळ साधारण चार मीटर बाय दीड-पावणेदोन मीटर. तळाच्या वर पाणी नुसतं वीतभर चढलं तरी कागदावर टनभर पाणी बाजूला सरतं, आणि गाडीचं वजनही तेवढंच. आत पाणी शिरेपर्यंत ती होडीच असते, फक्त सुकाणू नसलेली. म्हणजे तरंगवणं अवघड नाही. अवघड ते पुढचं.

यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे जर्मनीची अँफिकार, 1961 पासून काही वर्षं. हान्स ट्रिपेल नावाच्या माणसाचं डिझाइन. इंजिन ट्रायम्फ हेरल्डचं, 1147 सीसी, मागच्या बाजूला. मागे खाली दोन पंखे. वेगळं सुकाणू नाही, पुढची चाकं वळवली की तीच सुकाणूचं काम करतात. मॉडेलचं नाव 770, म्हणजे पाण्यात 7 नॉट, रस्त्यावर ताशी 70 मैल. जेमतेम चार हजार गाड्या निघाल्या आणि दुकान बंद. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याकडे टेक्ससच्या रँचवर एक होती. पाहुण्यांना बसवून उतारावरून तळ्याकडे न्यायचे आणि "ब्रेक लागत नाहीत!" म्हणून ओरडायचे. पाहुण्यांचे चेहरे बघायचा शौक.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. पाण्यात पाचेक तास चालवली की त्या गाडीला 13 ठिकाणी ग्रीस मारावं लागायचं, आणि त्यातल्या एका जागेसाठी मागची सीट काढावी लागायची. पुराचे दहा दिवस आणि वर्षाचे उरलेले 355 दिवस, तुमच्या मंडळात ग्रीस कोण मारणार हे आधी ठरवा.

जाता जाता: बेन कार्लिन नावाच्या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने उभयचर जीपमधून अख्ख्या पृथ्वीची फेरी मारली. 1950 ला कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून निघाला, 1958 ला माँट्रियलला पोचला. दुसऱ्या महायुद्धात तो आपल्याकडच्या लष्करात होता, आणि ही जीप त्याला पहिल्यांदा दिसली ती खरगपूरजवळच्या कलाईकुंडा विमानतळावर, 1946 साली. गाडीचं नाव ठेवलं 'हाफ सेफ', अर्धवट सुरक्षित! नाव एका डिओडरंटच्या जाहिरातीवरून उचललेलं, पण किती प्रामाणिक.

---

माणदेशी_ड्रायव्हर

उसाचा मळा, तू विचारलंस कुणी चालवलीय का. मी चालवलीय. 17 वर्षं बीएमपी-2 चा, म्हणजे फौजेच्या लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या चिलखती गाडीचा, ड्रायव्हर होतो. आपल्याकडं तिला सारथ म्हणतात, तेलंगणात मेदकच्या कारखान्यात बनते. नगरला (आता अहिल्यानगर) आमचं मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं सेंटर, तिथंच शिकलो. गाव माझं माण तालुक्यात. जिथं अंघोळीला पाणी मोजून मिळायचं, तिथला पोरगा चौदा टनांची गाडी पाण्यात पोहवायला शिकला, ही गंमत माझ्या आईला शेवटपर्यंत पटली नाही.

चौदा टन लोखंड तरंगतं कसं? आत पोकळी आहे म्हणून. चौदा टन वजन म्हणजे चौदा हजार लिटर पाणी बाजूला सारलं पाहिजे, तेवढी तिची पेटी मोठी आहे. पण थोडक्यात मोठी आहे. पाण्यात असताना वर राहतं ते फार नसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आता बुडाली, मग बुडाली.

पाण्यात घालायच्या आधीची तयारीच तास-दीड तासाची. खालची सगळी बुचं बसलीत का ते हाताने चाचपून बघायचं. डोळ्यांनी बघून चालत नाही, हात लावायचा. उस्ताद एकेक बूच मोजायला लावायचे, आणि मोजून झालं की म्हणायचे, "अब दोबारा." मग दारांचे रबर, आत आलेलं पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप चालू करून बघणं, इंजिनला हवा घ्यायची नळी उभी करणं, आणि नाकासमोरची फळी, ट्रिम व्हेन, वर करणं. ती फळी नसेल तर पुढची लाट अंगावर चढते आणि नाक खाली जातं. पण ती वर केली की ड्रायव्हरला समोरचं दिसेनासं होतं. मग उंच पेरिस्कोप लावायचा आणि त्यातनं दिसेल तेवढं जग. बाकी वर टरेटमधून, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजातून, कमांडर सांगेल तसं, डावं, उजवं.

पंखा नाही तिला. पट्टेच पाणी मागं ढकलतात. तीनशे हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि पाण्यात वेग ताशी सात किलोमीटर. माणूस भरभर चालला तर पुढं जाईल. आता तू सांग, पुरात तुझ्या ओढ्याची ओढ किती असते? सात किलोमीटर म्हणजे सेकंदाला दोन मीटरसुद्धा नाही. पुराच्या मुख्य धारेला त्याहून जास्त ओढ असू शकते. तिथं तू पुढं जात नाहीस, तू फक्त तोंड फिरवून वाहत जातोस.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. पाणी अवघड नाही. काठ अवघड.

उतरताना एवढं काही वाटत नाही, नाक बुडतं, उठतं, गाडी हलकी होते. तो हलकेपणा मला आजही आठवतो, पोटात गोळा येतो तसा. घाम फुटतो तो बाहेर पडताना. पट्ट्याचा पुढचा भाग जमिनीला लागतो आणि मागचा अजून तरंगत असतो. म्हणजे निम्मं वजन जमिनीवर, निम्मं पाण्यावर. पकड घ्यायला जेवढं वजन पाहिजे तेवढं जमिनीवर नसतं आणि पाण्यात जेवढी मोकळीक पाहिजे तेवढी राहिलेली नसते. त्या दहा-पंधरा फुटांत गाडी ना होडी असते ना गाडी.

एकदा सरावाला एका तळ्यावर होतो. माझी गाडी पाचव्या नंबरला. पहिली चढली, दुसरी चढली. प्रत्येक गाडी वर जाताना अंगावरचं पाणी काठावर निथळते आणि पट्ट्यांनी माती घुसळून टाकते. पहिल्याला मिळालेला काठ आणि पाचव्याला मिळालेला काठ एक नसतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी चढलो, निम्म्यात पट्टे नुसते फिरायला लागले, आणि गाडी मागं सरकली. मागची बाजू पाण्यात खोल गेली. आत बसलेल्या एका पोराच्या बुटात पाणी आल्याचं त्यानं ओरडून सांगितलं, ते मला इंटरकॉमशिवाय ऐकू आलं. मी घाबरून रेस वाढवली, त्यानं खड्डा आणखी खोल झाला. शेवटी काठावरच्या रिकव्हरी गाडीनं वायररोप लावून ओढली. ती गाडी तिथं आधीपासून उभीच होती, कारण काठाची खात्री कुणालाच नसते. उस्तादांनी मला शिव्या दिल्या नाहीत, चहा दिला. ते जास्त लागलं.

1971 ची गोष्टही आम्हाला शिकवताना सांगत. पीटी-76 हा पोहणारा रणगाडा, मुद्दाम नद्यांसाठीच बनवलेला. पण मेघना नदी एवढी रुंद, की अर्ध्या तासात इंजिन तापायचं आणि पलीकडं जायला तर कितीतरी वेळ लागायचा. मग तिथल्या लोकांच्या होड्यांनी ते ओढून पलीकडं न्यायचा मार्ग काढला. रणगाड्याला होडीनं ओढलं, ऐकून आम्ही हसलो होतो. नंतर नाही हसलो.

आता तुझा ट्रॅक्टर. दोन टन वजन धर. 200 लिटरचा बॅरल स्वतःचं वजन वजा जाता 180 किलो उचलेल. नुसता तरंगायला 11-12 बॅरल, वर माणसं आणि सुरक्षित अंतर धरून 18-20. एवढे बॅरल दोन्ही अंगाला बांधल्यावर तुझ्या गल्लीतनं तो वळणार आहे का? वजन सगळं वर, इंजिन पुढं, माणसं मागं. एक बॅरल गळला की एका अंगाला कलंडणार. आणि मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेलं असतं ते काढलंस का? यात लाईफ जॅकेटवाला माणूसही अडकतो.

एटोरचे टायर बघितलेस ना, ते टायरच तिच्या होड्या आहेत. त्या हिशोबानं ती बनवली आहे. आपण नंतर बांधायचं म्हणतो तिथं गफलत होते.

नको करूस. आईला खुर्चीसकट उचलणारे आठ जण मिळाले होते हे मोठं आहे.

---

उसाचा_मळा

काका, तुमचं लिहिणं मंडळातल्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बॅरलचा हिशोब कुणी केलाच नव्हता. फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं किती बॅरल, तर म्हणाला, "बसतील तेवढे."

पण मग त्या तीन चढांचं काय करू? आणि वर ताडपत्रीचं छप्पर करणार होतो, पावसात म्हातारी माणसं भिजू नयेत म्हणून. ते तरी बोटीवर करावं का?

---

तळ्याकाठचा_मराठी

छप्पर अजिबात नको. हे सांगायलाच लॉगिन केलं, एरवी मी नुसता वाचक.

मी अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो. इथे 'डक' नावाच्या गाड्यांतून पर्यटकांना शहर दाखवतात आणि तशाच चार्ल्स नदीत उतरवतात. भारतातून कुणी आलं की आम्ही नेतोच. आईबाबा आले तेव्हा बाबांनी पाण्यात उतरताना नकळत माझा हात धरला होता, वयाच्या 71 व्या वर्षी. मूळ गाडी दुसऱ्या महायुद्धातली, अडीच टनी ट्रकवर होडीचं धड बसवलेली, जवळपास 21 हजार बनल्या. नाव 'डक' पडलं ते कारखान्याच्या कोडवरून, डीयूकेडब्ल्यू. त्यातला 'डी' म्हणजे 1942 साल, बदकाशी संबंध नाही. ड्रायव्हरला बसल्या जागी टायरची हवा कमी-जास्त करता यायची, वाळूत कमी, रस्त्यावर जास्त. माणदेशी काका म्हणतात त्या काठाचाच तो इलाज होता.

आता छपराचं. 1999 मध्ये आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्सजवळच्या तळ्यात अशी एक गाडी बुडाली, 13 माणसं गेली. एका शाफ्टभोवतीचं रबरी बूट (पाणी आत येऊ न देणारं आवरण) सटकलं आणि पाणी आत आलं. इतक्या लोकांचा जीव मात्र घेतला छपराने. गाडी खाली गेली, माणसं वर यायला बघत होती आणि वर ताडपत्री. चौकशी मंडळाने तेव्हाच सांगितलं होतं की छपरं काढा आणि पाणी भरलं तरी तरंगेल असं काहीतरी करा. 2018 मध्ये मिसुरीतल्या ब्रॅन्सनला वादळात पुन्हा तेच, 31 जणांपैकी 17 गेले. छप्पर होतंच.

तुमच्या आईंना भिजू दे. छत्रीसुद्धा नको.

---

भरती_ओहोटी

मी गुहागरचा. बापजाद्यांपासून होड्या. आता फायबरच्या बोटीला ओबीएम (मागे बाहेरून लावायची मोटार) लावून पर्यटक फिरवतो.

उसाच्या मळ्यावाले भाऊ, तुम्हाला गाडी पोहवायची नाहीये, बोट चालवायची आहे. जमिनीवर. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे दाभोळ–धोपावे जंगलजेटी (खाडीपार गाड्या नेणारी बोट) आहे, तिच्यावर एसटीसुद्धा चढते. एसटीला कुणी पंखा लावला नाही, तिला उचलणारी बोट केली. तुम्ही उलटं करा. बोटीला उचलणारी गाडी करा.

सपाट तळाची बोट घ्या. खोल तळाची आणि नाकाला धारदार बोट समुद्रात बरी, तुमच्या गल्लीत नाही. सपाट तळाला वीत-दीड वीत पाणी पुरतं. तिच्यासाठी बुटकी, रुंद ट्रॉली बनवा, मागच्या बाजूला लाकडी रूळ लावलेली. ट्रॅक्टर मागं घ्यायचा, ट्रॉली पाण्यात, बोट आपसूक सुटते. परत येताना तसंच रुळावर ओढून घ्यायची. ट्रॉलीची बेअरिंगं तापलेली असताना एकदम गार पाण्यात घालू नका, आत पाणी ओढून घेतात. पाच मिनिटं थांबा, विडी ओढा.

तुमच्या तीन चढांसाठी बोटीच्या मागच्या फळीला दोन छोटी चाकं बसवा, वर-खाली होणारी. उथळात आलं की चाकं खाली, नाकाकडून चौघांनी उचललं की हातगाडीसारखी चालते. म्हाताऱ्या माणसाला उतरवायची गरज नाही. दाभोळच्या खाडीत चिखलात आम्ही असंच करतो.

आणि एक. तुमच्याकडच्या नद्यांना जलपर्णी फार आहे असं ऐकतो. पंख्याला अडकते ते दिसतं तरी. इंजिन थंड करायला पाणी ओढणारं भोक ती बुजवते ते दिसत नाही, आणि इंजिन जातं. ओबीएमच्या मागून पिचकारी उडते आहे का यावर एका माणसाने डोळा ठेवायचा, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. उसाची पाचट आणि कुंपणाची तार याला माझ्याकडे औषध नाही. वल्हं ठेवा. दोन ठेवा.

---

कार्बोरेटर

भरती_ओहोटी, साष्टांग. मी दोन परिच्छेद जर्मनीत घालवले आणि तुम्ही दोन चाकांत विषय संपवलात.

---

माणदेशी_ड्रायव्हर

गुहागरकर बरोबर बोलतात. एक भर घाल. ट्रॉलीवर बोट उन्हा-पावसात पडून राहील, पावसाचं पाणी साठू नये म्हणून तळाचं बूच काढून ठेवशील. ते बूच साखळीनं बोटीलाच बांध. आणि जून लागायच्या आधी एकदा कोरड्यात, एकदा खऱ्या पाण्यात घालून बघ. पूर आल्यावर ट्रायल घेऊ नकोस.

---

उसाचा_मळा

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय.

ड्रमचा ट्रॅक्टर रद्द. फॅब्रिकेशनवाला आठवडाभर रुसला, मग त्यानंच ट्रॉली केली, चांगली केली. बोट सेकंडहँड, फायबरची, सपाट तळाची. मागच्या चाकांसाठी हातगाडीची चाकं वापरली. मेमध्ये चुलत्यांच्या शेततळ्यात ट्रायल घेतली. सगळं गाव जमलं, आई खुर्ची टाकून बसली होती.

काका, साखळी बांधली होती. बूच साखळीला होतं. साखळी बोटीला होती. फक्त ते भोकात घातलं नव्हतं. मधोमध गेल्यावर सुन्याच्या चपला तरंगायला लागल्या तेव्हा कळलं. तिघे जण डबे घेऊन पाणी उपसत कसेबसे काठाला आले. मग काठ चढेना, ट्रॉली चिखलात रुतली. दुसरा ट्रॅक्टर लावून ओढली, त्यालाच आम्ही आता रिकव्हरी गाडी म्हणतो.

दुसऱ्या खेपेला आईला बसवून देवळापुढच्या रस्त्यावरनं चाकांवर नेली, कोरड्यातच. चौघांत जाते. उतरताना ती म्हणाली, "बसायला गादी पाहिजे."

गुहागरवाले दादा, एक विचारायचं राहिलं: ती मागची चाकं बोट पाण्यात असताना वर उचलून ठेवली की मोटारीच्या हँडलला आडवी येतात. तुम्ही ती काढून आत ठेवता, की बिजागरी आतल्या बाजूनं लावता? जमलं तर फोटो टाका.